बाबांना कुणी विचारलं का?

प्रिय तोमोनोरी,

तुझा फोन ठेवल्यापासून मन थाऱ्यावर नाही. फोनवर तू बोलत राहतोस नि मी नुसतं हो-हो करते, म्हणून लिहायला बसले.

पक्षाघाताने बाबांची वाचा गेली, आता गिळणंही बिघडलंय. पावडर घालून दाट केलेल्या चहानेही ठसका लागतो. अन्नाचे कण फुप्फुसात जाऊन तापही येऊन गेला. डॉक्टर म्हणाले, अन्नासाठी पोटात नळी बसवायची का ते मंगळवारी सांगा. नाही बसवली तर फार दिवस काढणार नाहीत. फोनच्या स्पीकरवर तू लगेच म्हणालास, "बाबांना असलं जगणं रुचायचं नाही. कुणावर भार होणं त्यांना कधी आवडलंय?" मामाने मान डोलावली, मीही डोलावली. सगळा जन्म मासळीबाजारात लिलाव पुकारलेला माणूस, आणि त्याच्याच उशाशी कुजबुजत आपण नळी नको असं ठरवून मोकळे झालो.

बोलणं आणि गिळणं शिकवणारी ओरिबे तिथेच होती. पोरगी तुझ्या निम्म्या वयाची, पण जीभ काय तिखट! मामा गेल्यावर म्हणाली, "काकू, यांना कुणी विचारलं का?" मी म्हटलं, "अगं, बोलता कुठं येतंय त्यांना?" "कळतं ना पण!" म्हणत तिने पाटीवर गोल आणि फुली काढली. गोल म्हणजे हो, फुली म्हणजे नाही, आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

आधी विचारलं, "काका, मी तुमची सासू का?" बाबांनी फुलीवर बोट आपटलं, वर डोळे वटारले. मग चित्रं काढून तिने नळी समजावली. "बसवू या?" बोट गोलावर गेलं. ती मात्र एका उत्तरावर विसंबत नाही, तोच प्रश्न उलटा विचारते. "नळी नकोच, असंच राहू दे?" बोट फुलीवर. मग माझ्याकडे बघून ते रडले, आवाज न करता.

त्यांना जगायचंय रे! आणि आपण सगळे शहाणे त्यांच्यादेखत त्यांना पोचवायला निघालो होतो. माझा स्वतःवरच संताप होतोय. मंगळवारी ये. घरातला थोरला मुलगा म्हणून डॉक्टर आधी तुलाच विचारतील, तेव्हा स्पष्ट हो म्हण. नाही म्हणालास तर चारचौघांत मी तुला खोटं पाडीन, मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

तुझीच,
आई