पलीकडच्या खाटेवरचं गाणं

४ मार्च
ही अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा त्यांच्याशी, ऐकू जात असेल." काय बोलू? घरात बोलायची तीच. मी नुसता हं म्हणायचो. गॅरेजमधलं सांगितलं — कुणाचा क्लच गेला, कुणाचा ब्रेक. तेही संपलं.

५ मार्च
पलीकडच्या खाटेवर एक म्हातारा. त्याचंही असंच. बायको उशाशी बसून हळू आवाजात गाते. परक्या मुलखातली माणसं. सिस्टरला विचारलं, भाषा कुठली? "देव जाणे! आम्ही खुणांनीच बोलतो."

७ मार्च
ती गात असताना हिचं बोट हललं! मी हात धरून बसलो होतो, भास नाही. एवढी वर्षं संसार माझ्याशी, आणि बोट हललं परकीच्या गाण्याला! राग आला. मग लाज सोडली. तिच्यापुढे हात जोडले, हिच्याकडे बोट दाखवलं. ती आली, गायली. मग मला कोपराने ढोसलं — तूही म्हण. मी! शाळेत प्रार्थनेला मास्तर म्हणायचे, "तू नुसते ओठ हलव." तरी म्हटलं. चुकलो की म्हातारी मांडीवर चापट मारते.

१० मार्च
रोज गातो. बोट पुन्हा हललं नाही. डॉक्टर नजर चुकवतात. लेकीचा फोन — "बाबा, खरं काय ते सांगा." काय सांगू, कपाळ?

११ मार्च
दुपारी म्हातारा गेला. ती बाहेर बाकड्यावर बसलेली, डोळे कोरडे ठक्क. तिच्या भाषेतला दिलाशाचा एक शब्द मला येत नाही. येत होतं ते तिचंच गाणं. शेजारी बसून म्हटलं, जमेल तसं. तिचा बांध फुटला. माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. येणारे-जाणारे बघत होते. बघोत!

१२ मार्च
पलीकडची खाट पुसून रिकामी. गायला बसलो, पहिल्याच ओळीत चुकलो. चापट मारायला कुणी नाही. हिचा हात गार लागतो. देवा, एवढं एक ऐक रे!

१४ मार्च
काल पहाटे ही गेली.
आज दारात म्हातारी उभी. पत्ता सिस्टरने दिला असणार. आत आली, माझ्याजवळ जमिनीवर बसली. वाटलं, तेच गाणं म्हणेल. दुसरंच गायली. शब्द एकही कळला नाही. हे मागे राहिलेल्यांचं आहे, एवढं कळलं.