आईच्या अंगावरून जातं

४ नोव्हेंबर
सासूबाई संत्र्याच्या तोडणीवरून दुपारीच परत आल्या. मागून लुगडं रक्तानं भिजलेलं. मला पाहून भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मी पाणी तापवून दिलं. त्याच म्हणाल्या, "दीपाली, कुणालले सांगू नको." कुणाल म्हणजे माझा नवरा, त्यांचा एकुलता एक.

५ नोव्हेंबर
किती दिवसांपासून — विचारलं.
"दोन वर्सं झाले. वय झालं का असंच जाते म्हणतात."
दर महिन्याला दहा-दहा दिवस. तासाला कापड बदलतात, रक्ताच्या गाठी पडतात. आणि मी समजत होते, बाई चिडकी आहे!

७ नोव्हेंबर
ओसरीची पायरी चढताना सासूबाईंना धाप लागली. शेजारची पंचफुला म्हणाली, "पिशवीच काढून टाक, झंझट नाही." तेव्हापासून त्या घाबरलेल्या. मी कुणालला सांगितलं. शब्द मोडला. त्यानं उद्याची सुट्टी टाकली.

८ नोव्हेंबर
पांढुर्ण्याचा दवाखाना. हिमोग्लोबिन साडेसहा. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "इतके दिवस काय करून राहिल्या होत्या तुम्ही?" सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "तिले नका बोलू मॅडम. तिनंच आणलं मले."
रक्त चढवलं. सोनोग्राफीत लहानशी गाठ निघाली, भ्यायचं काम नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आधी गोळ्या, मग पिशवीत रक्त जाणं कमी करणारी औषधवाली तांबी बसवू. ऑपरेशन अगदीच शेवटी.
बाटली संपेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

३० डिसेंबर
तांबी बसवून महिना झाला. अजून डाग पडतात, पण कापडावर कापड लागत नाही. लोहाच्या गोळ्या मीच देते. चहासोबत घेऊ देत नाही म्हणून रुसतात. काल माझी वेणी घातली — लग्नानंतर पहिल्यांदा.

११ जानेवारी
आता सासूबाई परत रोज तोडणीवर जाऊन राहिल्या. तिथं सगळ्या बायांना आपली गोष्ट सांगितली म्हणे, मोठ्यानं. "दुखणं आहे, पाप नाही."

१९ जानेवारी
आज सासूबाईंच्या तपासणीला गेलो. दवाखान्यातल्या बाकावर माझी माय बसलेली. माहेराहून, रामाकोन्याहून एकटी आली. सासूबाईंनी फोनवर तिची तब्येत विचारली, तेव्हा त्यांनाच तिनं सांगितलं.
"तुले कायले सांगू म्हटलं. तुले तुझा संसार."
चार वर्षं झाली, तिच्याही अंगावरून जातं. मी कधी विचारलंच नाही.