कोपऱ्यातला आकडा

३ मार्च, सोमवार

ट्रक पुन्हा खड्ड्यात! वळण साधं होतं, हळू घेतलं होतं. मधेच पडद्यावरचं चित्र अडखळलं, दोन झटके बसले, आणि बघते तर चाकं वर. चूक माझी नाही, या कॉम्प्युटरच्या यंत्राची.

भुंग्याला फोन लावला. नातू माझा, पण लहानपणापासून सारखा गुणगुणतो म्हणून भुंगा. आता परदेशात गुणगुणतो. कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा आला. म्हणाला, "आजी, सेकंदाला किती चित्रं पळतात ते यात कळतं. साठ म्हणजे झकास. पडला की लिहून ठेव, कधी पडला, तू काय करत होतीस. त्याशिवाय दोष सापडत नाही."

म्हणून ही वही. नाहीतर मला कुठली हौस! चौथीत शाळा सुटली ती काय हे लिहायला?

४ मार्च

सकाळभर साठ. दुपारी जेवून बसले तर सव्वीस, एकोणीस, तीस. मग आपोआप साठ. मी कशालाही हात लावला नव्हता.

५ मार्च

भुंगा म्हणतो, धूळ असेल. यंत्राच्या बाजूची काच उघडली. एक उशी भरेल एवढी धूळ! रंगाच्या ब्रशने काढली. पंखा फिरू नये म्हणून बोटाने धरून ठेवला, तसंच सांगितलेलं. यंत्राला मी झगा शिवलाय, तोही काढायला लावला — "आजी, त्याला श्वास घेऊ दे." घे बाबा. बस उघडा.

दुपारी आकडा पडलाच.

७ मार्च

हे यंत्र भुंग्याने माझ्या पुढच्या खोलीत जोडलं, एकेक सुटा भाग आणून. स्वतःच्या घरी बापाने जोडू दिलं नाही — अभ्यासाचं वाटोळं होईल म्हणे. झालं नाही. उलट विमानात बसून गेला. जाताना म्हणाला, चालू ठेव, बंद पडून राहिलं की बिघडतं. चालू ठेवायचं तर काहीतरी चालवायला हवं. मग हा ट्रकचा खेळ शिकले. माल भरायचा, लांबच्या गावी पोचवायचा. रिकामे रस्ते, दोन्हीकडे झाडं, आणि "आई, तू आता बसून राहा" म्हणणारं कुणी नाही.

बापाचं — म्हणजे माझ्या लेकाचं — मत अजून तेच. आमचे हे गेल्यावर आला आणि म्हणाला, "घर बंद करू, आमच्याकडे चल, हे भंगार फेकून दे." मी म्हटलं, भंगार फेकायला निघालायस तर आधी माझ्यापासून सुरुवात कर. तो म्हणाला, "पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही." म्हटलं, नको ठेवूस, लादी पुसायची वाचेल.

याच शहरात राहतो. बसचे चार थांबे. पाऊल ठेवलेलं नाही. शब्दाचा पक्का आहे मेला.

८ मार्च

आज कुणाशी बोलले नाही. दूधवाल्याला "ठेव" म्हटलं. ते धरलं तर एक शब्द.

९ मार्च, रविवार

दिवसभर साठ! दुपारीसुद्धा! एक ओरखडा न उठता माल पोचवला. भुंग्याला सांगायला फोन केला, उचलला नाही. असेल मित्रांत. ट्रक उभा केला आणि खिडकीत बसले. समोरच्या इमारतीत कुणीतरी पडदे धुऊन टाकले होते. तेच बघितले.

१० मार्च

दुपारी पुन्हा पडला. कालचं कौतुक नडलं.

१२ मार्च

दुरुस्तीवाला आला. दर वाक्यानंतर जांभई. जांभया देत देत चिप गार ठेवणारी जुनी पेस्ट खरवडली, वाळून खपली झाली होती, आणि नवी लावली. मग मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांची पिवळी टोकं खोडरबराने घासली. खोडरबर! शाळा सुटली तेव्हापासून पहिल्यांदा माझ्यासमोर कुणी खोडरबर काढलं.

"आजी, तुमचं चित्रं पळवणारं ग्राफिक कार्ड म्हातारं झालंय. नवीन घ्या."

"म्हातारं झालं की टाकायचं, ही तुमच्या दुकानाची रीत का?"

"तसं नाही हो..."

"आणि म्हातारं झालंय तर सकाळी कसं धावतं? म्हातारपण काय दुपारी जेवल्यावर येतं?"

"तुम्हाला नाही येत?" — आणि जांभई.

हसू आलं. बरा आहे.

१३ मार्च

पडला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

१४ मार्च

जांभईवाल्याला म्हटलं, सकाळी येऊन काय उपयोग? दुखणं दुपारचं आहे. जेवणाच्या वेळी या आणि समोर बसा.

आला. मी ट्रक हाकत होते. आकडा पडला तसा तो पुढे झुकला, खेळ बाजूला करून एक यादी उघडली, आणि पहिल्यांदाच जांभई अर्ध्यात सोडली.

"आजी, कुणीतरी दुसरीकडून तुमचा पडदा बघतंय."

"चोर?"

"चोर कसला. ज्याने मशीन जोडलं त्यानेच हे बसवलेलं दिसतंय, लांबून दुरुस्ती करता यावी म्हणून. बघणारा आला की मशीनला दुप्पट काम. गेला की पुन्हा साठ. तुमच्या माइकातून आवाजही जातो. काढून टाकू का? लोण्यासारखं पळेल."

इथे घोडं पेंड खात होतं तर! भुंग्या, लबाडा! फोन करायला वेळ नाही, आणि चोरून आजीचे ट्रक बघतोस? आपली दुपार म्हणजे तिकडची मध्यरात्र. झोप मोडून बसतं पोर.

जांभईवाल्याला म्हटलं, काही काढायचं नाही. चहा घ्या आणि निघा.

१६ मार्च, रविवार

साठच. सुट्टीच्या दिवशी कशाला येईल आजीकडे.

१७ मार्च

आकडा पडला. ट्रक आधी रस्त्याकडेला लावला, खड्डा नको. मग म्हटलं, "आलास का?"

उत्तर नाही. चोर पकडला गेला की गप्पच बसतो. मग मीच बोलत सुटले. नळ गळतो ते सांगितलं. वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, दिवसभर खुर्च्या ओढतात, ते सांगितलं. मग विषय त्याच्या बापावर गेला.

म्हटलं, तुझा बाप जन्माचा हेकट. लहान होता तेव्हा चप्पल हरवून आला. मी रागावले, तर नवी घालेना. किती दिवस शाळेत अनवाणी गेला! पण तुझे आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा कामावरून थेट इथे यायचा आणि त्यांची दाढी करायचा. गालाखाली हात धरून, इतक्या हलक्या हाताने की हे झोपूनच जायचे. मला नसती जमली. मी दारातून बघायचे. त्याला कधी बोलले नाही, पोरं चढून बसतात. तूही सांगू नकोस.

बराच वेळ आकडा पडून राहिला. मग साठ झाला.

१९ मार्च

रोज येतो. मी जेवण लवकर उरकते हल्ली.

आज म्हटलं, "तुझ्या बापाने शब्द दिलाय ना, पाळू दे. मी बोलवायला जाणार नाही. पण दाराला मी काही खिळे ठोकलेले नाहीत." लगेच बजावलं, "हे त्याच्या कानावर गेलं तर तुझी खैर नाही!"

२० मार्च

ट्रकऐवजी आज मीच खड्ड्यात. बोलता बोलता रडू आलं, कशाला कोण जाणे. खोकल्याचं सोंग केलं.

२४ मार्च, सोमवार

सकाळी भुंग्याचा फोन. म्हटलं, "काय रे चोरा, माझा पडदा बघत जागतोस, झोपत जा की रात्री!"

"मी? आजी, तुझ्या दुपारी मी घोरत असतो. ते पडदा बघायचं बाबांकडे आहे. मी निघताना त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं, तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात लावतात. तुझा ट्रक हलताना दिसला की मग डबा उघडतात."

दुपारी आकडा पडला. आज मी ट्रक थांबवला नाही, डबा उघडू दे. लेकही गेला नाही.