माझा खर्ज

३ फेब्रुवारी
ठरलं. आता धरसोड बंद.

तिबेटी वाडगे झाले. शेजारणीला वाटलं, आमच्याकडे रोज कुणीतरी भांडी आपटतंय. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा लांब भोंगा झाला. खालच्या मजल्यावरच्यांनी प्लंबर बोलावला. सूफी गिरकी झाली. शोकेसची काच. यात दोष परंपरांचा नाही, फ्लॅटच्या साइझचा आहे.

यंदा एकच मार्ग: जॉर्जियातली तीन आवाजांची गाणी. मेहुण्याला वाटलं अमेरिकेतलं जॉर्जिया. त्याला फोनवर कॉकेशस पर्वतापासून सगळं समजावलं. मध्येच त्याची रेंज गेली.

काल व्हिडिओ बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ही म्हणाली, ड्रॉप्स घालायचे राहिलेत.

५ फेब्रुवारी
योग म्हणतात तो हा! लायब्ररीच्या बोर्डावर कागद: जॉर्जियन गाण्यांचा ग्रुप, दर शनिवारी दुपारी, लाँड्रीच्या वरची खोली. खालचा आवाज हवा आहे. खालचा आवाज म्हणजे खर्ज. खर्ज म्हणजे मी.

संध्याकाळी बायकोला या गाण्यांचं मर्म सांगितलं. सगळं काही ऐकण्यात आहे, दुसऱ्याचा सूर ऐकल्याशिवाय आपला लावायचाच नाही, वगैरे. ती मध्ये मध्ये काहीतरी बोलायला बघत होती. तिला म्हटलं, आधी पूर्ण ऐकून घे. तासाभराने कळलं, गॅस संपला होता.

७ फेब्रुवारी
पहिला क्लास. गाडी हिने चालवली, मला आवाज जपायचा होता.

शिकवणाऱ्या बाई मूळच्या तिकडच्याच. लग्न होऊन इकडे आल्या. आपली भाषा बोलतात, पण सगळ्यांना ‘तू’ म्हणतात आणि क्रियापदं गाळतात. मी खर्ज लावला. बाईंनी डोळे मिटले आणि एक हात वर केला. आशीर्वाद! मी आणखी मोठ्याने लावला. मग त्यांनी दुसराही हात वर केला.

ग्रुपमध्ये दातांचे एक उंच डॉक्टर आहेत, सध्या खालचा आवाज तेच सांभाळतात. खाली उतरताना म्हणाले, हात वर केला की थांबायचं असतं. जरा मत्सरी वाटले.

क्लास संपेपर्यंत ही तिथेच खिडकीपाशी खुर्ची टाकून मटार सोलत बसली होती. घरी पटकन निघता यावं म्हणून.

१० फेब्रुवारी
कारखान्यात प्रयोग. आम्ही पुठ्ठ्याची खोकी बनवतो, मी डिस्पॅच सुपरवायझर. जेवणाच्या सुट्टीचा कर्कश भोंगा बंद करून स्पीकरवर तीन आवाजांचं गाणं लावलं. कल्पना अशी की माणसं गाण्याच्या ओढीने आपोआप उठतील. कुणीच उठलं नाही. फोर्कलिफ्टवाल्याला वाटलं मशीनच्या बेअरिंगचा आवाज आहे, त्याने लाइन बंद करायला लावली. मॅनेजरने बोलावून घेतलं. त्यांना म्हटलं, नव्या गोष्टींना विरोध होतोच. ते म्हणाले, भोंगा चालू करा.

कान तयार नसलेल्या समाजात राहणं सोपं नाही.

१४ फेब्रुवारी
दुसरा क्लास. मोठी प्रगती. बाई म्हणाल्या, तू हळू. मी हळू गायलो. म्हणाल्या, आणखी हळू. असं करत करत शेवटी म्हणाल्या, तू फक्त ओठ.

म्हणजे आवाजाच्या पलीकडचं गाणं! दुसऱ्याच क्लासला. डॉक्टर चार वर्षं येतायत, अजून आवाज काढतात.

२१ फेब्रुवारी
विचित्र दिवस. डॉक्टरांना सर्दी, आले नाहीत. मला वाटलं आज माझी वेळ. गाणं सुरू झालं, मी ओठांनी साथ देत होतो. मध्येच बाई थांबल्या. मला वाटलं माझ्याकडेच येतायत. माझ्या शेजारून सरळ खिडकीकडे गेल्या.

ही मटार सोलता सोलता गुणगुणत होती. तिचं तिलाही भान नव्हतं. बाई म्हणाल्या, पुन्हा. ही लाजून लाल. म्हणाली, नाही हो, ते आपलं असंच. बाई म्हणाल्या, असंच पुन्हा.

हिने तो सूर लावला. बाकीच्यांनी वरचे दोन आवाज धरले. तटस्थपणे नोंदवतो: बरं जमलं. शेवटी एकच तर सूर धरायचा असतो. तिला आधार म्हणून मीही खर्ज लावला. बाईंचे दोन्ही हात वर.

घरी येताना म्हटलं, इतक्या वर्षांत बोलली नाहीस कधी, गाता येतं म्हणून. म्हणाली, बोलले होते. कधी ते विचारणार होतो, पण सिग्नल सुटला.

४ मार्च
आता ही बुधवारीही जाते. डॉक्टर परतले, तरी बाईंनी तिला सोडलं नाही. दोघं मिळून खालचा आवाज सांभाळतात. बाई त्यांना सारखं म्हणतात, दोन आवाज नको, एक. मी जेवण गरम करून घेतो. मायक्रोवेव्हची बटणं कुणी इतकी अवघड केली?

कपड्यांना इस्त्री करताना गाते. भांडी लावताना गाते. माझ्या अभ्यासात व्यत्यय येतो. मी सध्या या गाण्यांच्या इतिहासावर तीन व्हिडिओ बघतोय. कुणीतरी पाया पक्का करायला हवा. ही शब्दसुद्धा कागदावरून पाठ करते, मागची संस्कृती काही माहीत नाही.

१४ मार्च
महिन्याअखेर लायब्ररीच्या हॉलमध्ये कार्यक्रम. मी प्रास्ताविक करायची तयारी दाखवली. बाई म्हणाल्या, भाषण नको.

मग मी तत्त्वाचा प्रश्न केला. सगळ्यांसमोर जाहीर केलं: परंपरेची अशी उपेक्षा होणार असेल, तर मी ग्रुप सोडतो. आणि थांबलो. बाई म्हणाल्या, बरं. डॉक्टरांनी उठून माझा हात हातात घेतला. इतका जिव्हाळा त्यांनी कधी दाखवला नव्हता.

घरी आल्यावर हिला म्हटलं, तेव्हा आता आपण दोघं बाहेर. ही चादरीची घडी घालत होती. म्हणाली, नाही.

मला नीट ऐकू आलं नसेल असं वाटून पुन्हा विचारलं. तिने घडी खाली ठेवली. म्हणाली, अहो, मी जाणार. मुलं लांब गेल्यापासून मला पहिल्यांदा सकाळी उठावंसं वाटतंय. तुम्हाला यायचं असेल तर जरूर या. पण ऐकायला या.

मी बाल्कनीत जाऊन बसलो.

१५ मार्च, सकाळ
मौन धरलंय. सगळ्याच परंपरांत मौनाला मोठं स्थान आहे. तिला माझं महत्त्व कळेल.

१५ मार्च, संध्याकाळ
तिच्या लक्षातच आलं नाही. दिवसभर खुशीत. शेवटी टॉवेल कुठेय ते विचारावं लागलं.

२८ मार्च
कार्यक्रमाला जायचं नाही असं पक्कं ठरवून अर्धा तास आधी पोचलो. पुढची रांग राखीव. पाचवीत बसलो.

दुसऱ्या गाण्याला शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. मला विचारलं, कशाबद्दल आहे हो? मी अभ्यासाने सांगितलं, लढाईवर निघालेल्या वीरांची शपथ आहे. गाणं संपल्यावर शिकवणाऱ्या बाईंनी माइक घेतला. म्हणाल्या, हे आजारी लेकराच्या उशाशी बसून आई म्हणते. शेजारच्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग पर्स उचलून एक खुर्ची सोडून बसल्या.

त्यानंतर मी काही समजावलं नाही. हिच्याकडे बघत राहिलो. ती डोळे मिटून शेजारच्यांचं ऐकत होती. तिचा आवाज वेगळा काढून ऐकायचा फार प्रयत्न केला. जमेना. एकदा श्वासासाठी ती थांबली, तेव्हा हॉलमधलं काहीतरी कमी झालं, एवढं कळलं.

गर्दीने तिला घेरलं. मी तिची शाल धरून उभा.

घरी आल्यावर तिने विचारलं, कसं झालं? मी महिनाभराचं साठवून ठेवलेलं होतं. एकच म्हटलं, जरा लागावं म्हणूनच म्हटलं: तुझा आवाज काही वेगळा ऐकूच आला नाही.

तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, खरंच? खरंच नाही आला? आणि चप्पलसुद्धा न काढता तिने बाईंना फोन लावला, ‘हे’ काय म्हणाले ते सांगायला. तिकडून बाईंचं ओरडणं मला दारापर्यंत ऐकू आलं.

फोन ठेवून ही म्हणाली, बाई म्हणतायत, तुझ्या नवऱ्याला कान आहेत.

मी म्हटलं, ते आहेतच.

मग पाणी पिऊन झोपलो.