साहेबांचं वजन

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून प्रोजेक्ट सुरू. साहेबांसाठी घरगुती, पौष्टिक खाऊ. साहेब म्हणजे आमचा पोपट. हे नाव हिने ठेवलं, तेही मी रिटायर झालो त्याच आठवड्यात. वजन २१८ ग्रॅम. डॉक्टरीणबाईंच्या मते २५० हवं. हिने लेकीमार्फत निरोप दिलाय, साहेब अडीचशेवर आले की येते. म्हणजे सगळा प्रश्न बत्तीस ग्रॅमचा आहे. बिस्किटांच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलेल्या माणसाला हा डाव्या हातचा मळ.

ही आठ दिवसांसाठी लेकीकडे गेली, त्याला सहा आठवडे झाले. शिलाई मशीन नेलंय. आठ दिवसांना मशीन कशाला, हे मी विचारलं नाही. बारीकसारीक गोष्टींत मी पडत नाही. साहेबांना मात्र नेता आलं नाही, कारण लेकीकडे मांजर आहे.

५ मार्च
बॅच १. ओट्स, किसलेलं गाजर, भोपळ्याच्या बिया, अंड्याच्या टरफलाची पूड. मीठ शून्य, साखर शून्य. जाडी सहा मिलिमीटर, पट्टीने मोजून. साहेबांनी एक बिस्किट उचललं, पाण्याच्या वाटीत टाकलं आणि बुडेपर्यंत बघत बसले. टेस्टिंगची पद्धत योग्य आहे.

८ मार्च, रविवार
बॅच २ आणि ३ नामंजूर. वजन २१५. लेकीचा फोन आला. साहेब किती, एवढंच विचारते. दोनशे बावीस सांगितलं. काट्यावर टॉवेलचा तुकडा होता, त्याच्यासकट.

११ मार्च
बॅच ५. सफरचंद घातलं, बिया काढून. साहेबांनी पाठ फिरवली. वरच्या मजल्यावरचे मास्तर आले होते, त्यांनी चहाबरोबर चार संपवली. म्हणाले, छान आहेत, फक्त साखर विसरलात. कोणासाठी केली होती ते सांगितलं नाही. नमुना बाहेरच्या ग्राहकाला पसंत, अशी नोंद केली.

१३ मार्च
शिस्त हवी. रोज पहाटे फिरणं. रोज पिंजऱ्याची सफाई. आठच्या आधी टीव्ही नाही.

१४ मार्च
टीव्हीचा नियम रद्द. साहेबांना आवाजाची सवय आहे. फिरायला गेलो नाही, बूट सापडले नाहीत. बूट कुठे असतात ते हिला माहीत असतं.

१६ मार्च, दुपारी
वजन २०९. पिंजरा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. सोबत बॅच ७ चा डबा आणि घटकांचा तक्ता नेला. तक्ता त्यांनी वाचलाच नाही. विचारत बसल्या, हा जेवायचा कोणाबरोबर? म्हटलं, हिच्याबरोबर. ही टेबलावर जेवायची, साहेब समोरच्या खुर्चीच्या पाठीवर. मग विचारलं, तुम्ही कुठे जेवता? टीव्हीसमोर. आधी शिफ्टमुळे, नंतर सवयीमुळे. त्या म्हणाल्या, पोपट थव्यातला जीव, एकट्याला वाढलेलं त्याला गोड लागत नाही. समोर बसा आणि त्याच्याबरोबर तेच खा.

शिकलेली माणसंही कधीकधी फारच सोपं बोलतात. पण ऐकून घेतलं.

१६ मार्च, संध्याकाळी ७.००
टेबलावर आठ आठवड्यांचे पेपर होते. उचलले. बॅच ८, जाडी चार मिलिमीटर. एक मी खाल्लं. चव पुठ्ठ्याची. साहेब खुर्चीच्या पाठीवरून एका डोळ्याने बघत होते. ७.२० ला दुसरं खाल्लं. ७.३५ ला साहेबांनी अर्धं खाल्लं. थोडक्यात, दोन मिलिमीटरची चूक होती. फॉर्म्युला आता अचूक आहे.

२२ मार्च, रविवार
२२८. टॉवेलशिवाय. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मांजर मी नणंदेला देऊन टाकलं. बरं म्हटलं. मांजराशी आपला काय संबंध.

२६ मार्च
जेवताना साहेबांना तीन नंबरच्या ओव्हनचा किस्सा सांगितला. अख्खी रात्रपाळी करपली होती आणि सही माझी होती. महिनाभर मला झोप नव्हती. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. हिला हे कधी सांगितलं नव्हतं. विषय निघाला नाही.

२९ मार्च, रविवार
२४१. माझंही दोन किलो वाढलं. पँटचं बटण गेलं. फॉर्म्युला सर्वांना लागू पडतो.

२ एप्रिल
२५०. तीनदा मोजलं. फोन केला तर चक्क ही आली फोनवर. म्हणाली, रविवारी येते. लगेच तयारीला लागलो. हिच्या कप्प्यात ओट्सचे डबे ठेवले होते, ते हलवले. बूट सापडले, दाराशीच होते. टेबलाला आणखी एक खुर्ची लावली. तिघांना पुरेल असं टेबल आहे, हे इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

५ एप्रिल, रविवार
ही पावणेसातला आली. बॅग नाही, हातात एक छोटा पिंजरा, प्रवासाचा. वाटलं, साहेबांना भेट आणलीय. मग म्हणाली, लेक खाली गाडीत थांबलीय.

सात वाजले होते, म्हणून टेबलावर बसलो. सवय. एक मी खाल्लं, एक साहेबांनी. ही दाराशी उभी राहून बघत होती. विचारलं, टेबलावर कधीपासून जेवता? म्हटलं, बॅच आठपासून. मग म्हणाली, साहेब नशीबवान.

खुर्ची पुढे केली, पण बसली नाही. उभ्या उभ्या एक बिस्किट खाल्लं. म्हणाली, चांगलं झालंय, कृती लिहून द्या. मी बॅच आठचा कागद करून दिला, जाडीसकट, आणि उरलेला डबा. त्यातलं एक तिने छोट्या पिंजऱ्यात ठेवलं. साहेब आपणहून आत गेले. माझंच बिस्किट. दर रविवारी वजन कळवा म्हटलं. कळवते म्हणाली.

मला काही वाटलं नाही. टेबल पुसलं. समोर बसून खायचं, हे कागदावर लिहायचं राहिलं. पण ते तिला माहीतच आहे.

६ एप्रिल, संध्याकाळी ७.००
बॅच १४. ओट्स, गाजर, बिया. जाडी चार. टीव्ही लावला नाही. टेबलावर बसलो, समोर दोन खुर्च्या. एक बिस्किट उचललं, खाली ठेवलं. ७.२०. ७.३५. खाल्लं गेलं नाही.

वाईट वाटतंय. एवढी नोंद करतो. फॉर्म्युला पुन्हा तपासला, दोष सापडत नाही.