हातात आलेला पाय

नरसी
फाल्गुन वद्य अष्टमी, शके १८५९

प्रिय उत्तमदादा,

खुशाली शेवटी लिहीन. आधी भांडण. महिना झाला, मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडते आहे. भाकरी थापताना, पाणी भरताना, देवापुढे हात जोडल्यावरसुद्धा. परवा सासूबाईंनी विचारलं, पोरी, ओठ कशाचे हलतात गं? मी म्हटलं, नामस्मरण चाललंय. देवाच्या नावावर आणखी किती दिवस खपवू? म्हणून आज कागद घेऊन बसले. लहानपणी ओसरीत शेजारी बसवून मला अक्षरं गिरवायला तूच लावलीस, तेव्हा आता वाचायची शिक्षाही तूच भोग.

माघातला सामना कसा खेळलात, ते मला सांग. नको, तू काय सांगणार, मी सगळा पाहिलाय. कयाधूच्या काठावर गाड्या सोडल्या होत्या, तिथे आम्ही बायका बसलो होतो आणि खाली वाळूत तुमची आखणी रांगोळी काढून ठेवावी तशी दिसत होती. दरसाल पुसेगाव आणि नरसीचा हुतूतू म्हणजे दोन्ही गावांचा सण. दरसाल मी एका डोळ्याने माहेर बघते आणि एका डोळ्याने सासर. यंदा मात्र दोन्ही डोळे तुझ्यावर होते, कारण तू म्होरक्या असून काय करतोयस तेच मला कळेना.

सेवाला का बसवलंस? उजव्या कोपऱ्यावर तो दिसला नाही तेव्हा मला वाटलं, मागे कुठे धोतर कसत असेल. बघते तर काठावर, आपलं मुंडासं मांडीवर घेऊन, हाताची घडी घालून बसलेला. तांड्यावरून अंधारात निघून चालत आलेला गडी! घोटा धरायला त्याच्यासारखा माणूस तुमच्याकडे नाही, आमच्याकडे नाही, हिंगोलीच्या पेठेत हुडकलं तरी मिळायचा नाही. चढाई करणारा वळला रे वळला की सेवा खाली असतो, आणि एकदा त्याची बोटं आवळली की समोरच्याने दम संपेपर्यंत वाळूत तोंड खुपसून पडायचं. त्याच्या जागी तू उभा केलास कारभारी किसनरावांचा भाचा. मुलगा गुणाचा आहे, नाव ठेवायला जागा नाही, पेटी फार गोड वाजवतो. मग त्याला भजनात बसव ना. आमचा गडी अंगावर आला की तो बाजूला सरून वाट करून देत होता, जसं काही पाहुण्यांना आत या म्हणतोय. सेवाला ताप होता असं तू गावात सांगितलंस म्हणे. ताप असलेला माणूस सामना संपेतो उन्हात बसतो का?

बरं, सेवा राहू दे. खेमाला पहिल्याच चढाईला कोण पाठवतं? खेमाचा दम लांब, पण पाय उशिरा तापतात, हे मी सांगायला हवं का तुला? तूच सांगायचास की खेमा झाकून ठेवायचा, समोरचे दमले की बाहेर काढायचा. त्याला तू पहिल्याच डावाला ताज्या गड्यांच्या तोंडी दिलास आणि तो गेला. संजीवनीचा खेळ आहे, समोरचा एक बाद झाला की आपला एक उठतो, अशा भरवशावर होतास का? अरे, समोरचा बाद करायला कोपऱ्यावर माणूस लागतो, आणि तो माणूस तू काठावर बसवलेला. खेमा जो वाळूत बसला तो बसूनच राहिला. लांबून मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण तो हाताने वाळू उकरत होता, त्यावरून त्याची चिडचिड कळत होती. तुम्ही एकेक करून त्याच्या शेजारी येऊन बसत गेलात.

आणि तू स्वतः? डावा कोपरा तुझा. तू मिसरूड फुटल्यापासून तो कोपरा धरलास आणि यंदा तो सोडून मधे जाऊन उभा राहिलास. आमच्याकडचे चढाईला आले की डाव्या अंगानेच शिरतात, हे दोन्ही गावांतल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. मी नाव घेणार नाही, कोण ते तुला कळलं. गेल्या साली त्याच कोपऱ्यात तू यांचा घोटा धरलास आणि असं आडवं केलंस की पुढे आठवडाभर खांदा शेकावा लागला. मीच शेकला. विटकरी तापवून, फडक्यात गुंडाळून. हे कण्हत होते आणि मधूनच हसतही होते. म्हणत होते, तुझ्या भावाची पकड म्हणजे पकड आहे. हसत होते, दादा. हे नीट वाच, पुढे लागणार आहे.

शेवटच्या चढाईचं तर मी कोणापाशी बोलले नाही. तुमच्याकडे तू एकटाच उरला होतास. तू रेघ ओलांडलीस, हुतूतू सुरू केलंस, आमच्यातला एकही तुझ्या जवळ नव्हता, आणि तुझा दम तुटला. मधेच, उभ्या उभ्या. आमची माणसं ओरडून नाचायला लागली, गुलाल उडाला. मी तिथेच बसले. तुझा दम मला शिकवू नकोस. आपल्या मारुतीला तू एका दमात प्रदक्षिणा घालायचास, वर पायरीवर येऊन मला वाकुल्या दाखवायचास, तरी दम बाकी असायचा. मळ्यातल्या विहिरीत बुडी मारून इतका वेळ वर यायचा नाहीस की माय काठावरून तुझ्या नावाने हाका मारून रडायला लागायची. तो दम वाळूत चार पावलं टाकून तुटतो? दुसऱ्या कोणालाही फसव, त्या विहिरीच्या काठावर मायचा पदर धरून मी उभी असायची.

तुम्ही हरलात म्हणून मी रागावले असं समजू नकोस. सासरच्या बायकांत बसून माहेर हरताना बघायचं आणि तोंडावर हसू ठेवायचं, हे मला आता जमतं. सासूबाईंनी गूळ वाटला, मी खाल्ला. राग आला तो दुसऱ्या दिवशी. जिंकून आलेल्या माणसाने घरात कसं वागावं? गेल्या साली हरून आले तेव्हा ह्यांनी अख्ख्या गल्लीला सामना करून दाखवला होता, स्वतः कसा पडलो त्याच्यासकट. यंदा डोक्याला बांधलेला मानाचा फेटा आल्या आल्या काढला आणि खुंटीला टांगला, तो अजून तिथेच आहे. मी घडी घालायला गेले तर म्हणाले, हात लावू नको. जेवायला बसले आणि अर्ध्यावर उठले. सकाळी गोठ्यात धार काढत होते, मी चरवी धरून उभी होते, तेव्हा मान वर न करता बोलले. जसं बोलले तसंच लिहिते. "माझा पाय त्याच्या हातात आल्ता. बराबर घोट्यात धरला व्हता त्यानं. मंग सोडून देल्ला. काहून सोडला, इचार तुझ्या भावाला."

म्हणजे मधे उभा राहूनही तुझा हात सवयीने गेलाच होता. मग तुला आठवलं की आज धरायचं नाही. काठावरून आम्हाला वाटलं, निसटला. ज्याचा पाय होता त्याला तर कळणारच ना, की निसटला का सोडला.

का सोडलास ते मला जिवनबाई कासारणीने सांगितलं. ती पुसेगावात बांगड्या भरून आमच्याकडे आली होती. माझा हात हातात घेऊन कौतुकाने म्हणाली की तुझी माय लई खूश हाय, उत्तमनं बहिणीसाठी सामना सोडला, आता लेकीला सासरी तकलीफ न्हाई. मी म्हटलं, कसली तकलीफ? तर म्हणाली, गेल्या साली हे हरले, त्या रागाने दिवाळीला मला माहेरी धाडलं नाही, असं घरात सगळे समजून आहेत. माझी एक बांगडी तिच्या हातातच पिचली. तिला वाटलं माप चुकलं.

दादा, सासरचा जाच मी मुकाट सोसत बसेन असं तू माझ्याबद्दल समजलास, ते सोडून देते. पण यांच्याबद्दल? एका खेळापायी बायकोला सणाला अडवून ठेवील, असला माणूस तुला यांच्यात कुठे दिसला? लग्नाआधी तूच तर सांगत आला होतास की पोरगा सरळ आहे, हरला तर समोरच्याला हात देऊन उठवतो. मग दिवाळीत एक निरोप काय आला आणि तुझी सगळी पारख गेली? निरोप आला, यंदा येणं होत नाही. एवढाच आला, कारण खरं कारण गड्याच्या तोंडून धाडायचं नसतं. तिसऱ्या महिन्यात माझं पोट पडलं होतं. आता लिहिलं, वाच. मायला तेव्हा हिवताप होता, तिला कळवू नका असं मीच हात जोडून सांगितलं. सासूबाई माझ्या उशाशी निजत होत्या. आणि ज्यांना तू आकसाचा माणूस समजलास ते दिवाळीच्या दिवशी चुलीपाशी बसून माझ्यासाठी पेज रांधत होते, धुराने डोळे लाल करून. गावातली पोरं खेळायला बोलवायला आली की त्यांना दारातूनच परत लावत होते. तुझ्याकडून कोणी आलं असतं, तू स्वतः एकदा बैलगाडी जुंपून आला असतास, तर सगळं कळलं असतं. पण मुलीच्या सासरी न बोलावता जायचं नाही, विचारायचं नाही, आपणच अंदाज बांधायचा आणि आपणच त्यावर तोडगा काढायचा, ही आपल्या घराची रीत. तुझा तोडगा काय, तर सेवाला उन्हात बसवायचं, खेमाला वाया घालवायचं आणि माझ्या नवऱ्याला भीक घालावी तसा सामना घालायचा.

आणि यातून तुझ्या पदरात काय पडलं, तेही जिवनबाईने सांगितलं. सेवा म्हणतो पुन्हा पुसेगावाकडून वाळूत उतरणार नाही. खेमा तुझ्याशी बोलत नाही. किसनराव पाडव्याला दुसरा म्होरक्या ठरवणार आहेत, आणि तू गप्प बसून ते होऊ देणार आहेस, बहिणीसाठी सोसलं म्हणून मनातून समाधानी. मला हे असलं सोसणं नको आहे. पाडव्याच्या आत तांड्यावर जा, सेवाच्या दारात बस आणि त्याला काय घडलं ते सांग. माझं नाव घेतलंस तरी चालेल. त्यालाही बहिणी आहेत, तो आधी शिव्या देईल आणि मग येईल.

यांना मी सांगितलं. लपवणार होते, पण रोज तो फेटा खुंटीवर दिसायचा आणि मला राहवेना. ऐकून घेतलं, बराच वेळ दोरखंड वळत बसले, आणि एवढंच म्हणाले, "मला असा समजला व्हय त्यो?" त्यानंतर सासूबाईंनी पुसेगावचा विषय काढला की उठून जातात. तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही असं एकदा बोलून गेले आहेत, आणि हे बोललेलं सहसा मागे घेत नाहीत. म्हणून मी इतके दिवस नुसती ओठ हलवत होते. पण आता गप्प राहून भागणार नाही.

आता खुशाली. मला चौथा लागला आहे. यंदा सगळं ठीक आहे, सुईणबाई म्हणतात काळजी नको, सासूबाई मला जड घागर उचलू देत नाहीत. मायला हे तू वाचून दाखव, दिवाळीचं मात्र हळूच सांग, आधी तिला पाणी दे. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा ज्येष्ठात पेरणीची घाई लागायच्या आत मला यायचं आहे, आणि मला गड्याबरोबर गाडीत घालून पाठवलेलं नको, यांनी आणून सोडलं पाहिजे. काल मी तसं म्हटलं. हे म्हणाले, येईन, पण नरसीचे सगळे गडी बरोबर घेऊन येईन, आधी तुझ्या भावाच्या खळ्यावर सामना, मग त्याच्या घरचं पाणी. तर खळं सारवून, चोपून तयार ठेव. उजव्या कोपऱ्यावर सेवा पाहिजे. खेमाला शेवटापर्यंत झाकून ठेव. किसनरावांच्या भाच्याला माझ्या शेजारी बसव, पेटी वाजवू दे. डाव्या कोपऱ्यात तू स्वतः उभा राहा. तुम्ही हरलात तरी मला चालेल, माझ्या लेकराला हरलेला मामा चालेल, पण हरून देणारा मामा मी त्याला सांगणार नाही. यांचा पाय हातात आला की दम तुटेपर्यंत सोडू नकोस. खांदा शेकायला मी आहेच.

तुझीच, अजून रागातच असलेली,
द्वारका