रांगेचं टोक

बाई, त्या दिवशी तुम्ही मला गप्प बसवलंत, त्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला ओळखणारी माणसंही आता फारशी उरली नाहीत, आणि जी आहेत त्यांतल्या निम्म्यांना ऐकू येत नाही. मी स्वतः मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. मुलींना ‘गप्प राहा’ म्हणण्याचा मला जन्मभर पगार मिळाला, त्यामुळे ते दोन शब्द कधी शिस्तीसाठी वापरतात आणि कधी भीतीपोटी, हे मला तुमच्याइतकंच कळतं. गेल्या आठवड्यात इतवारीत एक बाई भेटली आणि सगळं पुन्हा वर आलं. तिच्याबद्दल सांगतेच, पण आधी तो दिवस.

मध्यप्रांताचे दिवस आहेत, लढाई चालू आहे, रॉकेल मिळत नाही, आणि आपण दोघी कॉन्व्हेंटमधल्या शिवणाच्या खोलीत बसलो आहोत. तुमचा मराठीचा तास त्याच खोलीत व्हायचा, कारण मदरच्या मते मराठी आणि काजं-बटणं या साधारण एकाच तोलाच्या गोष्टी होत्या. शाळेतल्या गर्ल गाइडांच्या तुकडीच्या कॅप्टन मदर, आणि काम सगळं तुमचं. फेब्रुवारीतला तो दिवस जवळ आला होता, जेव्हा जगभरच्या गाइड मुली एकमेकींची आठवण काढतात. वरून कार्यक्रम ठरून आला होता: मैदानात शेकोटी, भोवती गोल, प्रत्येक गटाने एकेक देश घ्यायचा, त्या देशाच्या नावाने शेकोटीत एक काडी टाकायची, त्या देशातल्या मुली कशा राहतात ते एका वाक्यात सांगायचं, आणि शेवटी मिनिटभर डोळे मिटून उभं राहायचं. एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्ही महिनाभर खपत होता, कारण त्या वर्षी तुम्हाला त्या गोलात दुसऱ्याही मुली आणायच्या होत्या.

त्या दुसऱ्या मुली इतवारीपलीकडच्या विणकरांच्या गल्लीतल्या. म्युनिसिपालिटीच्या शाळेत जाणाऱ्या, घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या. दर शनिवारी तुम्ही सीताबर्डीहून सायकलने तिकडे जायचात. मी मोठ्या वर्गातली गटनायिका, म्हणून मला मागच्या कॅरिअरवर बसवून न्यायचात, आणि रस्त्यावरची पोरं आपल्या मागे ओरडत यायची. तुम्ही त्या मुलींना गाठी शिकवल्या, मोडलेल्या हाताला फळी बांधायला शिकवलं, वचन मराठीत म्हणायला शिकवलं. पण त्यांची नोंद झालेली नव्हती. नोंद झाली की त्यांना बिल्ला मिळणार होता आणि उन्हाळ्यात पचमढीच्या शिबिराला जाता येणार होतं. नोंद करायची की नाही हे ठरवणार होती गाइडांची प्रांतातली प्रमुख, सिव्हिल लाइन्समधल्या एका बड्या साहेबाची मडम. ती त्या दिवशी पाहुणी म्हणून येणार होती. सगळं त्या एका संध्याकाळवर होतं, आणि हे तुम्ही त्या मुलींपासून लपवलं नव्हतं. पचमढीचं नाव मुली देवाच्या नावासारखं घ्यायच्या.

देश वाटायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, त्यांना हिंदुस्थान द्या. मदर म्हणाली, हिंदुस्थानची आठवण कशाला काढायची, आपण त्यातच तर बसलो आहोत. इंग्लंड, कॅनडा, नॉर्वे कॉन्व्हेंटच्या मुलींनी आधीच उचलले होते. उरलं आइसलँड. तुम्ही ते नाव घेऊन गल्लीत गेलात, आणि मला अजून तो ओटा दिसतो, आतून मागाचा खटका चालू आहे, आणि रांगेत पहिली उभी राहणारी ती किडकिडीत मुलगी तुमची उलटतपासणी घेते आहे.

“तिथं संत्री होते का, बाई?”

“नाही. तिथे बर्फ असतो.”

“मंग त्या पोरी काय खाते?”

“मासे.”

“रोजच?”

“रोज.”

“आन् उपास असला तं?”

तुम्ही हसलात, बाई. तुम्ही क्वचित हसायचात, म्हणून लक्षात आहे. तिच्या बापाने सूत निळं रंगवून दिलं, गल्लीतच कापड झालं, आणि तुम्ही शिवणाच्या खोलीत आमच्याकडून त्यांचे झगे शिवून घेतलेत. रंग कच्चा होता. मुलींच्या माना निळ्या व्हायच्या. पण लांबून गणवेश आमच्यासारखाच दिसायचा, आणि लांबूनच तर बघणार होते सगळे.

आता ती गोष्ट, जिच्यावरून मी आजही तुमच्याशी भांडते. गाइड एकमेकींना डावा हात देतात. जगभर हाच रिवाज. मदर सांगायची की डावा हात काळजाजवळ असतो म्हणून. आम्हा कॉन्व्हेंटच्या मुलींना ते अंगवळणी पडलं होतं, जसं काट्याने खाणं अंगवळणी पडलं होतं. माझ्या आईने मात्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली पळी खाली ठेवली होती. “त्या मदरनं तुले डावा हात देला, आन् तू घेतला? काहून वं, उजव्याले का झालं होतं तिच्या?” मग मला मोरीवर नेऊन हात धुवायला लावले, दोन्ही. गल्लीत तुम्ही एकदा हा रिवाज शिकवायला डावा हात पुढे केला होता, तर ओट्यावरची म्हातारी उठून आत गेली आणि पुढच्या शनिवारी मुली आल्या नाहीत. त्यानंतर तुम्ही त्यांना सलाम शिकवलात, नमस्कार होताच, आणि डाव्या हाताचा विषय सोडून दिलात.

शिवणाच्या खोलीत मी तुम्हाला विचारलं होतं. आठवतं का? मी म्हटलं, “बाई, मडमेनं त्यांच्याशी शेकहँड केला तर?” तुम्ही दाताने दोरा तोडलात आणि म्हणालात, “तिथपर्यंत ती येणारच नाही. कॉन्व्हेंटच्या मुलींशी करेल आणि खुर्चीकडे वळेल. नेहमी तसंच असतं.” आणि तुम्ही खरंच तसं आखलंत. त्या मुलींना गोलाच्या थेट टोकाला उभं केलंत, वडाच्या बाजूला, खुर्च्यांपासून सगळ्यांत लांब. तुमच्या सगळ्या आराखड्यात हा एकच हिशेब होता की आपली माणसं टोकाला असतात आणि साहेबलोक टोकापर्यंत चालत नाहीत. एवढी कमी अपेक्षा, बाई. तुम्ही जग पाहिलं होतं म्हणून असेल. मी तेव्हा म्हटलं नाही, आज म्हणते: तुम्हाला त्या मडमेची भीती होतीच, पण तिच्यात काही चांगलं असेल याची तुम्ही तयारीच केली नव्हती.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी तिला चांगुलपण सुचलं. टोपी घातलेली, उंच, गुडघ्यात जरा वाकून चालणारी बाई. इंग्लंडशी हात मिळवला, कॅनडाशी, नॉर्वेशी. मदर खुर्चीकडे हात दाखवते आहे, आणि मडम म्हणते, नाही, नाही, मला त्या लहान मुलींनाही भेटायचं आहे. गवतातून चालत निघते. मी दुभाषी म्हणून तिच्या मागे. मी तुमच्याकडे पाहते आणि तुमचा चेहरा उतरलेला मला दिसतो. धावत जाऊन चार शब्द सांगता आले असते, पण गाइड गोलात धावत नाहीत, आणि तुम्ही नियम मोडणाऱ्यांतल्या नव्हता.

मडमेने त्या पहिल्या मुलीपुढे डावा हात धरला. हसत धरला, हे मी शपथेवर सांगेन. मुलीने हाताकडे पाहिलं, मडमेच्या तोंडाकडे पाहिलं, आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेले. “डावा हात नाही घेत मी,” ती म्हणाली, साध्या आवाजात, जशी ती आइसलँडबद्दल विचारायची. तिच्या शेजारणीने हात मागे नेले, मग तिच्या शेजारणीने. सगळी निळी रांग हात मागे बांधून उभी. मडमेचा हात हवेत.

त्या गल्लीत पंधरवड्यापूर्वीच चळवळीच्या प्रभातफेरीवरून धरपकड झाली होती. मडमेने काय समजायचं ते समजून घेतलं. तिचं तोंड लाल झालं आणि तिने मला विचारलं, ही काय म्हणते आहे? मला उत्तर येत होतं. मला कॉन्व्हेंटने इंग्रजी शिकवलं होतं ते काय आइसलँडच्या माशांसाठी? मी तोंड उघडलं होतं. मी सांगणार होते की मॅडम, आमच्या घरी डावा हात देणं म्हणजे समोरच्याला खाली पाडणं, हिला वाटलं तुम्ही हिचा अपमान करता आहात, हिला तुमच्या सरकारशी काही देणंघेणं नाही. तेवढ्यात तुम्ही आलात. तुम्ही मराठीत, हळू, मला म्हणालात, “तू गप्प राहा.” आणि इंग्रजीत तिला म्हणालात की मुलींना नीट शिकवलं गेलेलं नाही, चूक माझी आहे, मी माफी मागते.

का, बाई? मी यावर कितीदा विचार केला आहे. डाव्या हाताचा आपल्याकडे काय उपयोग असतो हे शंभर माणसांपुढे तिला सांगितलं तर तिची लाज जाईल, असं तुम्हाला वाटलं असेल. तिची लाज तुम्ही राखलीत. शेकोटी पेटली, काड्या टाकल्या, आइसलँडची काडीही पडली, आणि आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून जगातल्या बहिणींची आठवण काढली. आठवडाभरात मदरकडे निरोप आला की त्या मुलींत शिस्त नाही, घरून भलतं शिकवलं जातं, नोंद होणार नाही. मदर तुम्हाला म्हणाली, तुम्हीच तर कबूल केलंत. शनिवारची सायकल थांबली. दोन पावसाळ्यांनंतर तुम्ही विषमज्वराने गेलात, आणि मला विचारायची सोय उरली नाही.

आता इतवारीतली बाई. लुगड्यांच्या एका दुकानात गल्ल्यामागे बसली होती, मुलाचं दुकान. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “तुमी त्या सायकलवाल्या बाईसंग येत होत्या ना वं?” मी तिला हसण्यावरून ओळखलं. तीच, रांगेतली पहिली. आता दात नाहीत, अंगाने भरलेली. मी म्हटलं, तो दिवस आठवतो का, शेकोटीचा, मडमेचा?

“कोणती मडम?” ती म्हणाली. “मले तं त्या मासे खाणाऱ्या पोरी आठवते. आन् निळा झगा. मान धुतली तरी निघे नाही.”

तिला खरंच आठवत नव्हतं. मग ती म्हणाली, “मंग एक खेप बाई घरी आल्या होत्या. बाबानं विचारलं, काहून येनं बंद करून राहिल्या जी? तं म्हणे, माझी चूक झाली. बाई गेल्यावर माय म्हणे, काही तरी केलं असंल बाईनं, नाही तं कोणी आपल्या तोंडानं चूक झाली म्हणते का? गल्लीत सगळे तेच म्हणत.” आणि मग अगदी सहज, “काहाची चूक होती वं ताई?”

तुम्ही त्या गल्लीत काहीतरी केलेली बाई म्हणून उरला आहात. हे ऐकून माझा जो संताप झाला तो कोणावर काढायचा हेही मला कळेना. मी तिथेच, गिऱ्हाइकं थांबवून, तिला सगळं सांगितलं. हात कसे मागे नेले ते करून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून हसली. “मी? लय आगाऊ होती मी.” मग हसू ओसरलं. “मंजे पचमढी माह्यामुळं गेली?”

“तुझ्यामुळे नाही,” मी म्हटलं.

“मंग तवाच काहून नाही सांगतलं मडमेले? तुमाले तं इंग्रजी येत होतं.”

मी म्हटलं, बाईंनी गप्प राहा म्हटलं होतं. तिने मान हलवली, जशी लहान मुलाने सबब सांगितली की मोठी माणसं हलवतात. मग विचारलं, “आता आहे का ते गाइडचं तुमच्या शाळेत?” मी म्हटलं, आहे. “आन् आमच्या इकडं?” मी म्हटलं, नाही. “हं,” ती म्हणाली, आणि उलगडलेलं लुगडं घडी घालायला घेतलं.

एवढंच झालं, बाई. बिल्ला नाही, पचमढी नाही, सत्य सांगितलं तर ते ऐकायची कोणाला गरज उरलेली नाही, आणि जिच्यासाठी सांगितलं तिच्या डोक्यावर मी म्हातारपणी एक ओझं ठेवून आले. तुम्ही गप्प राहा म्हणालात ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण बोलून काय होतं ते मी पाहून आले.

हे लिहिलेले कागद मी पेटीत ठेवणार आहे. त्यांना दुसरी जागा नाही. उद्या तोच फेब्रुवारीचा दिवस आहे. कॉन्व्हेंटमधल्या नव्या मुख्याध्यापिकेने मला पाहुणी म्हणून बोलावलं आहे. हिरवळ खराब होते म्हणून शेकोटीऐवजी आता मेणबत्त्या लावतात, आणि त्या गोलात इतवारीपलीकडची एकही मुलगी नसेल. दर वर्षी मी ठरवते की यंदा पाय दुखतात म्हणून कळवायचं. खरं सांगायचं तर मला तिथे जायला आवडतं. खुर्ची पहिल्या रांगेत असते, मुली वाकून नमस्कार करतात. उद्याच्या साडीला मी सकाळीच इस्त्री करून ठेवली आहे.